बाळंतखोलीत बापाचे काम: लेकीच्या पहिल्या वर्षाचा अनुभव

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची पद्धत बाळंतिणीला विश्रांती मिळावी म्हणून पडली असावी. पण तिच्यामुळे नवा बाप शनिवार-रविवारी येऊन जाणारा पाहुणा ठरतो. बाळ दोन-तीन महिन्यांनी घरी येते तेव्हा त्याला उचलून घ्यायचे कसे हेही बापाला ठाऊक नसते आणि मग सगळी कामे आई व आजीकडेच राहतात. माझी पत्नी सांगलीला माहेरी बाळंत झाली आणि माझी नोकरी पुण्यात होती, त्यामुळे ही अडचण मला जवळून कळली.

म्हणून रजेचा विचार प्रसूतीच्या बराच आधी करावा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन अपत्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी कंपन्यांवर अशी सक्ती नाही. कंपनी देईल तेवढी खरी. मी साठवलेली रजा दोन भागांत घेतली, काही प्रसूतीच्या वेळी आणि उरलेली मायलेकी पुण्यात परतल्यावर. दुसरा भाग अधिक कामी आला, कारण माहेरी हाताशी चार माणसे असतात, परतल्यावर मात्र आपण दोघेच उरतो.

पहिल्या आठवड्यात काही गोष्टी आधी माहीत असल्या तर जीव घाबरा होत नाही. जन्मानंतर बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, जी पुरुषांना सहसा कोणी सांगत नाही: आईच्या शरीरातून मिळालेली संप्रेरके ओसरू लागली की नवजात मुलीच्या लंगोटावर पांढरा स्राव किंवा रक्ताचा एखादा थेंब दिसू शकतो. तो काही दिवसांत आपोआप थांबतो. न थांबल्यास किंवा प्रमाण जास्त वाटल्यास डॉक्टरांना दाखवावे. कावीळ मात्र पहिल्या २४ तासांतच दिसली तर क्षणभरही थांबू नये.

मुलीची शी-शू बापाने काढू नये, असे म्हणणारे नातेवाईक भेटतातच. त्यांच्याशी वाद न घालता लंगोट बदलायला बसावे, हा मला जमलेला उपाय. पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यावा, म्हणजे शीचा अंश मूत्रमार्गाकडे जात नाही आणि जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. ही सवय बापाला पहिल्या दिवसापासून लागली की पुढे संकोचाला जागा उरत नाही.

सगळ्यात नाजूक प्रकरण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे. मालिश करणाऱ्या बाईंनी कानात आणि नाकात तेल सोडायचे, मग ओवा-वावडिंगाची धुरी, डोळ्यांत काजळ आणि सहाणेवर उगाळलेली गुटी, असा आमच्याकडचा क्रम ठरलेला होता. “जावईबापू, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?” असे आजेसासूबाईंनी विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पुढच्या तपासणीला त्यांनाच बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, वर्षभर मध तर अजिबात नको आणि कोवळ्या फुप्फुसांना धूर बाधतो, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर धुरी आणि गुटी बंद झाली. हलक्या हाताने अंगाला तेल लावणे चालू राहिले आणि काजळाची तीट तळपायाला लागू लागली. जावयाने शहाणपण शिकवण्यापेक्षा हा मार्ग सर्वांच्याच मानाचा आहे.

रात्री दूध पाजणे बापाच्या हातात नसते, पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे असते: बाळ उचलून आईजवळ देणे, दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर धरून ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि उताणे झोपवणे. एवढे केले तरी आईला सलग झोपेचा तुकडा मिळतो. प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवस आईला उगाच रडू येणे स्वाभाविक आहे. उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली तर ‘बाळंतिणीचे असेच असते’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे.

कागदपत्रांचे काम तर बापाने पूर्णच अंगावर घ्यावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत आणि जिथे जन्म झाला तिथल्याच स्थानिक संस्थेत होते, म्हणजे आमच्या बाबतीत पुण्यात नव्हे तर सांगलीत. बारसे उशिरा असेल तर नावाविना नोंद करून नाव नंतर घालता येते आणि एका वर्षापर्यंत त्याला शुल्क पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच जन्माचा पुरावा धरला जातो, म्हणून मराठी आणि इंग्रजी अक्षरे तिथेच तपासून घ्यावीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची सरकारी कागदांवरील नावे स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहिण्याचा राज्य सरकारचा निर्णय आहे, तोही विसरू नये. दाखला हाती आला की टपाल कार्यालयात वर्षाला किमान २५० रुपये भरून मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी हे बचत खाते उघडता येते. शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल तर मुलींना आर्थिक मदत देणाऱ्या राज्याच्या ‘लेक लाडकी’ योजनेसाठी अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी.

लसीकरणाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे मुक्काम मी माझ्याकडे ठेवले. सुई टोचताना मुलीला मांडीवर घट्ट धरणे आईपेक्षा मला सोपे गेले. ताप येऊ शकतो, म्हणून औषधाची मात्रा तिच्या त्या दिवशीच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेत असे आणि दुसऱ्या दिवशी शक्यतो घरून काम मागून घेत असे. नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस अनेक घरांत मागे पडते, कारण तोवर आईची २६ आठवड्यांची रजा संपून दोघेही कामावर जात असतात. ती तारीख मी कार्यालयाच्या दिनदर्शिकेत बैठकीसारखी आधीच नोंदवून ठेवली होती आणि वरिष्ठांनाही महिनाभर आधी कळवले होते.