गोटीचा जोर जातो कुठे?

गोटी थांबली की मुलं सांगतात, "तिचा जोर संपला." सहावी-सातवीला विज्ञान शिकवताना हे उत्तर मला जवळजवळ प्रत्येक बाकावरून मिळतं. न्यूटनचा पहिला नियम ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांच्याकडूनही. म्हणून नियम मी शेवटी सांगते. आधी फरशीवर बसून गोट्या.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरिंगची एक इंची केसिंग पट्टी आणा, पावणेदोन मीटरपेक्षा लांब. तिचं झाकण काढून ठेवा. शिवाय सारख्या आकाराच्या काचेच्या गोट्या, शिलाईची टेप, खडू, दोन विटा आणि एक टॉवेल. घरात रांगतं बाळ असेल तर गोट्या मोजून काढा, मोजून परत ठेवा.

पट्टीचं एक टोक आडव्या विटेवर ठेवा, दुसरं फरशीवर, आणि त्याच्यापुढे टॉवेल पसरा. गोटी ढकलायची नाही, सोडायची. मुलांचं बोट नकळत धक्का देतंच, तेव्हा गोटीपुढे फूटपट्टी आडवी धरून ती झटकन वर उचलायला सांगा. पण त्याआधी गोटी कुठे थांबेल, तिथे प्रत्येकाने खडूची खूण करायची. ही पायरी घाईत गाळू नका. खूण केलेलं मूल गोटीकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघतं. मग टॉवेलच्या जागी सतरंजी, नंतर नुसती फरशी. उंची तीच, गोटी तीच, अंतर मात्र वाढत जातं. आता विचारा, "मग टॉवेलवरच जोर लवकर का संपला?" कुणीतरी म्हणतंच, "टॉवेल अडवतो." बस, एवढंच हवं होतं. थांबवणारं बल बाहेर सापडलं.

आता पट्टीची दोन्ही टोकं विटांवर ठेवा आणि मधला भाग फरशीला टेकेल असा हलकेच दाबून धरा. एका टोकाकडून सोडलेली गोटी पलीकडे जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. पलीकडचं टोक थोडं खाली आणा. गोटी आणखी लांब जाते. आणखी खाली आणा. मग विचारा, "हे टोक पार सपाट केलं आणि अडवणारं काहीच नसलं, तर?" गॅलिलिओने हाच प्रश्न विचारला होता. इथे गप्प बसा. मुलांना पुरेसा वेळ द्या, उत्तर तुम्ही देऊ नका. "थांबणारच नाही!" हे मुलाच्या तोंडून आलं पाहिजे. न्यूटनचा पहिला नियम सांगायची वेळ ही: बाहेरून बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते.

पुढचा प्रयोग माझा सगळ्यात आवडता. पट्टीचं एक टोक दोन विटांवर चढवा. मध्ये झोळ पडला तर ठोके चुकतात, म्हणून खाली वह्यांचा टेकू द्या. सुटण्याच्या जागेपासून 40, 80, 120 आणि 160 सेंटिमीटरवर पट्टीच्या तळाशी जाड दोऱ्याचे तुकडे आडवे चिकटवा. गोटी त्यांवरून जाताना टक् वाजतं. डोळे मिटून ऐकायला सांगा: ठोके जवळजवळ येत जातात, म्हणजे वेग वाढतोय. आता दोरे 10, 40, 90 आणि 160 वर लावा. ठोके तालात, सारख्या अंतराने पडतात! टेप देऊन सुटण्याच्या जागेपासून पहिल्या दोऱ्यापर्यंतचं आणि पुढे दोऱ्यांमधली अंतरं मुलांकडूनच मोजून घ्या. 10, 30, 50, 70. म्हणजे एक, तीन, पाच, सात. आणि सुटण्याच्या जागेपासूनची एकूण अंतरं एक, चार, नऊ, सोळा या वर्गसंख्यांच्या पटीत. गॅलिलिओने लाकडी खाचेतून ब्राँझची गोळी सोडली होती आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी तोललं होतं. 1638 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात हे वर्णन आहे. सेकंद अचूक मोजणारं घड्याळ हाताशी नसताना माणसाने हे शोधलं, हे मुलांना जरूर सांगा. लहानांसाठी वर्गसंख्यांचा भाग सोडा, त्यांना ताल पुरतो.

शेवटी पट्टी सपाट ठेवा, पाच गोट्या एकमेकींना टेकवून ओळीत लावा आणि सहावी टिचकीने मारा. पलीकडची एकच सुटते. दोन मारल्या तर दोन. यानंतर मुलं तुमची वाट बघत नाहीत. गॅरेजमधून बेअरिंगचा मोठा छर्रा मिळाला तर तोही हाताशी ठेवा, कारण "जड गोळी मारली तर?" हा प्रश्न हमखास येतो. छर्रा मारायच्या आधी मात्र पुन्हा अंदाज लिहून घ्या.