'रेड डेव्हिल्स' म्हणजे नेमके कोण? ब्रिटिश छत्रीदलाची युद्धकालीन तुकडी अशी ओळखा

जुन्या फोटोमागे 'रेड डेव्हिल्स, १९४४' एवढंच लिहिलेलं असतं आणि शोध तिथेच अडतो. त्या वर्षी लाल बेरे (कडा नसलेली मऊ लष्करी टोपी) घालणाऱ्या ब्रिटिश बटालियन डझनभराहून जास्त होत्या आणि हे टोपणनाव तोवर सगळ्यांनाच लावलं जात होतं. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी तारीख, मग अंगावरची चिन्हं, मग बटालियनचा आकडा आणि टोपणनाव सगळ्यात शेवटी. टोपणनावापासून सुरुवात केली की दहातल्या नऊ वेळा माणूस भलत्याच लढाईत जाऊन पडतो.

तारीख पक्की करा

चर्चिल यांनी २२ जून १९४० रोजी किमान ५,००० छत्रीसैनिकांचं दल मागितलं. मँचेस्टरजवळच्या रिंगवे विमानतळावर प्रशिक्षण सुरू झालं आणि 'नंबर २ कमांडो' या तुकडीला उड्या शिकवल्या गेल्या. नोव्हेंबर १९४० मध्ये तिचं नाव '११ स्पेशल एअर सर्व्हिस बटालियन' झालं आणि सप्टेंबर १९४१ मध्ये '१ ली पॅराशूट बटालियन'. फेब्रुवारी १९४१ मध्ये इटलीतल्या त्राजिनो जलसेतूवर छापा घालणारे सैनिक याच ११ एसएएसचे होते. डेव्हिड स्टर्लिंग यांची वाळवंटातली एसएएस ही वेगळी तुकडी. ती जुलै १९४१ मध्ये इजिप्तमध्ये उभी राहिली. तिथे शत्रूला चकवण्यासाठी डडली क्लार्क यांनी एक खोटी 'एसएएस ब्रिगेड' आधीच कागदावर रचली होती, तेच नाव स्टर्लिंग यांच्या तुकडीला मिळालं. एका नावाच्या दोन तुकड्यांची सरमिसळ छापील लेखांतही दिसते.

पॅराशूट रेजिमेंट १ ऑगस्ट १९४२ रोजी स्थापन झाली. लाल, खरं तर मरून रंगाची बेरे टोपीही त्याच वर्षी आली. त्यामुळे फोटोखाली 'ब्रुनेव्हाल (फ्रान्स) छापा, फेब्रुवारी १९४२' अशी ओळ आणि डोक्यावर मरून बेरे असं जुळून येत असेल, तर ओळ चुकली आहे किंवा फोटो नंतरचा आहे. त्या छाप्यात मेजर जॉन फ्रॉस्ट यांची २ ऱ्या बटालियनची सी कंपनी होती. तिच्यात बहुतेक स्कॉटिश जवान असल्यामुळे तिला 'जॉक कंपनी' म्हणत. एकाच कंपनीपुरतं असलेलं असं टोपणनाव सापडलं की शोध एकदम सोपा होतो.

चिन्हं वाचा

फोटो उलटा छापलेला नाही ना, हे सर्वांत आधी बघा. बेरेवरचा बिल्ला डाव्या डोळ्यावर असतो आणि कापड उजवीकडे झुकवलेलं असतं. बिल्ला उजव्या डोळ्यावर दिसला तर फोटो आरशातला समजा, नाहीतर पुढचं सगळं चुकेल.

काळ्यापांढऱ्या फोटोत बेरेच्या छटेवरून काही ठरवू नका. मरून, कमांडोंचा हिरवा आणि रणगाडा दलाचा काळा हे तिन्ही रंग फिल्मप्रमाणे सारखेच गडद उतरू शकतात. नंतर रंगवलेल्या फोटोतला रंग हा रंगवणाऱ्याचा अंदाज असतो, तो पुरावा धरू नये.

मग बिल्ला. पंख, छत्री आणि वर मुकुट व सिंह असेल तर पॅराशूट रेजिमेंट. हा बिल्ला १९४३ मध्ये आला. त्याआधी हेच जवान आर्मी एअर कोअरचा गरुडाचा बिल्ला लावत. मुकुटावरून बिल्ल्याचं वय कळतं. युद्धकाळातल्या ट्यूडर मुकुटाच्या कमानी गोल, फुगीर असतात. १९५३ नंतरच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. मात्र राजे चार्ल्स आल्यापासून ट्यूडर मुकुट परत वापरात आला आहे, त्यामुळे गोल कमान दिसली म्हणून बिल्ला जुना असं आता म्हणता येत नाही. विकत घेताना इथेच फसगत होते.

मरून बेरेवर भलताच बिल्ला दिसला तर गोंधळू नका. बेरे ही एअरबोर्न, म्हणजे छत्रीने किंवा ग्लायडरने उतरणाऱ्या दलाची खूण आहे, बिल्ला मूळ रेजिमेंटची. तोफखाना, इंजिनिअर, वैद्यकीय पथक यांतले जवान मरून बेरेवर आपापलाच बिल्ला लावत. ग्लायडरमधून उतरणाऱ्या पायदळाचंही तसंच: गाठीचा बिल्ला म्हणजे २ री साउथ स्टॅफर्डशायर, बिगुलाचा म्हणजे २ री ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर. यातल्या दुसऱ्या बटालियनचे लोक स्वतःला 'फिफ्टी-सेकंड' म्हणवत, कारण तिचा जुना पायदळ क्रमांक ५२ होता. पत्रात '५२' दिसलं म्हणून ५२ व्या डिव्हिजनच्या मागे लागू नका.

बाही बघा. उजव्या दंडावर पंखांची छत्री म्हणजे पात्र छत्रीसैनिक. छातीवर डाव्या खिशाच्या वर पंख असतील तर ग्लायडर पायलट. बिनपंखांची छत्री असेल तर त्याने उड्यांचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं असतं, पण तो छत्री तुकडीत नसतो. या खुणेला सैनिक 'लाइट बल्ब' म्हणत, आणि ती खरोखर दिव्याच्या बल्बसारखीच दिसते.

दंडावर पंखांच्या घोड्यावर भालाधारी स्वार असेल तर ते ग्रीक पुराणातल्या पेगॅसस घोड्यावरच्या बेलेरोफन या वीराचं चिन्ह. चित्रकार एडवर्ड सीगो यांनी १९४२ मध्ये रेखाटलेलं. ते १ ल्या आणि ६ व्या, दोन्ही एअरबोर्न डिव्हिजनचं होतं, त्यामुळे नुसत्या घोड्यावरून डिव्हिजन ठरत नाही. 'पेगॅसस ब्रिज' हे नावही या चिन्हावरूनच पडलं. नॉर्मंडीतल्या बेनूव्हिलचा हा कालव्यावरचा पूल ६ जून १९४४ च्या मध्यरात्रीनंतर मेजर जॉन हॉवर्ड यांच्या ग्लायडर कंपनीने घेतला. ती कंपनी वर सांगितलेल्या '५२' चीच.

आकडा उलगडा

- १, २, ३: १ ली पॅराशूट ब्रिगेड. ट्युनिशिया, सिसिली, आर्नहेम (नेदरलँड्स).
- ४, ५ (स्कॉटिश), ६ (रॉयल वेल्श): २ री स्वतंत्र ब्रिगेड. इटली, दक्षिण फ्रान्स, ग्रीस.
- ७, ८, ९, १२, १३ आणि १ ली कॅनेडियन: ६ वी डिव्हिजन. नॉर्मंडी, आर्देन, ऱ्हाइन.
- १०, ११, १५६: ४ थी ब्रिगेड. आर्नहेम.

६ वी डिव्हिजन मे १९४३ मध्ये उभी राहिली तेव्हा ब्रिटिशांची ती दुसरीच एअरबोर्न डिव्हिजन होती. शत्रूला संख्या जास्त वाटावी म्हणून आकडा वाढवला. २ री ते ५ वी डिव्हिजन शोधण्यात वेळ घालवू नका.

सर्वांत मोठा घोटाळा १९४८ चा आहे. त्या वर्षी उरलेल्या बटालियनना नवे क्रमांक दिले गेले: ४/६ ची (४ थी व ६ वी एकत्र केलेली) १ ली झाली, ५ वी ची २ री आणि ७ वी ची ३ री. म्हणजे आजची २ पॅरा (२ री बटालियन) नाव आणि परंपरा आर्नहेमचा पूल लढवणाऱ्या जुन्या २ ऱ्या बटालियनची सांगते, पण थेट वंशावळ ५ व्या स्कॉटिश बटालियनची आहे. आजचे लाल, निळा, हिरवा हे बटालियनचे रंगही युद्धकाळाच्या फोटोला लावू नयेत.

आता टोपणनाव

'रेड डेव्हिल्स' हे मुळात १ ल्या पॅराशूट ब्रिगेडचं. १९४२-४३ च्या हिवाळ्यात ट्युनिशियात जर्मनांनी त्यांना 'लाल सैतान' म्हटलं. कारण कोणी बेरेचा रंग सांगतं, तर कोणी डेनिसन स्मॉकला, म्हणजे छत्रीसैनिकांच्या ढगळ अंगरख्याला, माखलेली तिथली लाल माती. फोटो किंवा पत्र १९४३ च्या वसंतापर्यंतचं असेल तर नाव नेमकं घ्या: १, २ किंवा ३ री बटालियन, किंवा त्यांच्याबरोबरचे इंजिनिअर आणि वैद्यकीय पथक. त्यानंतरचं असेल तर त्याचा अर्थ फक्त 'एअरबोर्न दलातला' एवढाच धरा. आज हेच नाव रेजिमेंटच्या प्रात्यक्षिक उड्या मारणाऱ्या चमूचंही आहे.

आठवणीत 'वाहो मोहम्मद' ही छत्रीसैनिकांची आरोळी आली तर तिचं मूळही ट्युनिशियात आहे. 'कलानियोत', म्हणजे काळ्या मध्याची लाल ॲनिमोनी फुलं, असा उल्लेख आला तर काळ १९४५ ते १९४८ चा आणि जागा पॅलेस्टाइन. तिथल्या ज्यू वस्तीने ६ व्या डिव्हिजनच्या जवानांना दिलेलं ते नाव.

माणसांच्या टोपणनावांतही जपून. 'बॉय' दोन आहेत: जनरल फ्रेडरिक ब्राउनिंग आणि वाटाड्या तुकडीचे, म्हणजे २१ व्या स्वतंत्र कंपनीचे, मेजर विल्सन. 'विंडी' म्हणजे ६ व्या डिव्हिजनचे रिचर्ड गेल, 'शान' म्हणजे ४ थ्या ब्रिगेडचे जॉन हॅकेट.

भारताशी जोडलेला धागा

१५६ हा आकडा यादीत विचित्र दिसतो, कारण ती बटालियन भारतात जन्मली. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली: १५१ ब्रिटिश, १५२ भारतीय, १५३ गुरखा. १५१ पुढे मध्यपूर्वेत गेली आणि शत्रूच्या हेरांना चकवण्यासाठी तिचा आकडा १५६ केला गेला. आर्नहेममध्ये तिची इतकी हानी झाली की ती पुन्हा उभी राहिलीच नाही.

भारतात राहिलेली ब्रिगेड मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी पायदळ म्हणून लढली. तिच्याबरोबर ४/५ मराठा लाइट इन्फंट्री होती. हा अपूर्णांक नाही: ५ व्या मराठा रेजिमेंटची ४ थी बटालियन. घरात असा आकडा आणि 'सांगशाक' असं दोन्ही सापडलं, तर आजोबा छत्रीसैनिक होते असं लगेच ठरवू नका. ती मराठा बटालियन पायदळाची होती. छत्रीवाली मराठा तुकडी युद्धानंतरची. मराठा लाइट इन्फंट्रीची ३ री बटालियन छत्रीदलात गेली आणि १९५२ मध्ये २ पॅरा (मराठा) झाली. डिसेंबर १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला उतरली ती हीच. म्हणून '२ पॅरा' दिसलं की आधी देश विचारा.

कागदावर पडताळा

थडग्यावर किंवा स्मृतियादीत 'पॅराशूट रेजिमेंट, ए.ए.सी.' असेल तर ते युद्धकालीन आर्मी एअर कोअर. माणूस वैमानिक होता असा अर्थ काढू नका. हेलिकॉप्टरवाली आजची आर्मी एअर कोअर १९५७ ची आहे.

बटालियनची युद्धदैनंदिनी लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळते. मालिका बटालियनप्रमाणे नाही, आघाडीप्रमाणे आहेत: डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १७५ उत्तर आफ्रिका, १७० इटली, १७१ वायव्य युरोप, १६९ मध्यपूर्व, १७२ ब्रह्मदेश आणि आग्नेय आशिया. एकच बटालियन १९४३ मध्ये एका मालिकेत आणि १९४४ मध्ये दुसरीत सापडते. त्यामुळे मागणी नोंदवताना बटालियनचा आकडा, वर्ष आणि आघाडी या तिन्ही गोष्टी हाताशी ठेवा. आघाडी चुकली तर बटालियन अस्तित्वातच नव्हती असं वाटतं.