‘असतं तर’चं इंग्रजी: थर्ड कंडिशनल कसं बांधायचं

‘लवकर निघालो असतो तर गाडी मिळाली असती.’ म्हणजे निघालोही नाही आणि गाडीही मिळाली नाही. गोष्ट होऊन गेली. मराठी व्याकरणातला हा संकेतार्थ. इंग्रजीत अशा वाक्याला थर्ड कंडिशनल लागतं.

मराठीत ‘असतो-असती’ दोन्ही बाजूंना येतं आणि बहुतेक चुका तिथूनच निघतात. इकडे ‘असतो’, तिकडे ‘असती’, म्हणून दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ठोकलं जातं: ‘इफ आय वुड हॅव लेफ्ट...’ अमेरिकेत बोलताना हे सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत गुण जातात. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’ आणि पुन्हा तिसरं रूप: ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्लियर, आय वुड हॅव कॉट द ट्रेन.’ ‘तर’साठी ‘देन’ घालायची गरज नाही, स्वल्पविराम पुरतो. ‘इफ’चा भाग मागे टाकलात तर तोही नको.

गोंधळ उडाला तर आधी खरं काय घडलं ते लिहा. तिने फोन केला, म्हणून आपण विसरलो नाही. आता दोन्ही उलटं करा: ‘इफ शी हॅडन्ट कॉल्ड, वी वुड हॅव फरगॉटन.’ होकार-नकार दोन्हीकडे पालटला की वाक्य बरोबर बसलं.

तिसरं रूप पाठ हवंच. ‘हॅड वेन्ट’ नाही, ‘हॅड गॉन’. ‘हॅड केम’ नाही, ‘हॅड कम’. आणि कर्ता ‘शी’ असला तरी ‘वुड हॅज’ कधीच होत नाही. आपल्याकडे ‘आलो असतो’, ‘आले असते’ असं लिंगानुसार बदलतं. इथे ती कटकट नाही.

खरी मेख ‘असणे’ या क्रियापदात आहे. ‘वेळ असता तर आलो असतो’ हे कालचंही असू शकतं आणि आत्ताचंही. मराठीला फरक पडत नाही, इंग्रजीला पडतो. म्हणून भाषांतराआधी वाक्यात ‘काल’ किंवा ‘आत्ता’ घालून बघा. ‘आत्ता’ बसलं तर ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’. ‘काल’ बसलं तर ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम’. दोनदा ‘हॅड’ पाहून एक खोडू नका: पहिलं साहाय्यक, दुसरं मूळ क्रियापदाचं तिसरं रूप.

बोलताना ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही आखडून नुसता ‘ड’ उरतो. पुढे ‘हॅव’ आलं तर तो ‘वुड’, थेट तिसरं रूप आलं तर ‘हॅड’. ‘वुड हॅव’ही आखडून कानाला ‘वुड ऑफ’सारखं लागतं, तसं लिहू मात्र नका.

खात्री नसेल तिथे ‘वुड’ऐवजी ‘माइट’, शक्य होतं एवढंच म्हणायचं असेल तर ‘कुड’. परिणाम आजचा असेल तर ‘वुड’ची बाजू बदलते. ‘काल औषध घेतलं असतं तर आज बरा असतो’: ‘इफ आय हॅड टेकन द मेडिसिन यस्टरडे, आय वुड बी फाइन टुडे.’ इथे ‘वुड’नंतर ‘हॅव’ नाही, कारण बरं असणं आजचं आहे.