ग्रंथालयात बसून आंदोलनाची पोस्टर्स करताय? या चुका टाळा

फीवाढ असो की वसतिगृहाचा प्रश्न, विद्यार्थी पोस्टर करायला ग्रंथालयात जमतात ते बहुतेकदा मोठी टेबलं आणि प्रिंटर आहे म्हणून. मागची कपाटं कोणी उघडत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोबाइलवर फिरत आलेला आकडा तसाच पोस्टरवर चढतो. तो खोटा निघाला की समोरच्याला तुमच्या मागणीवर बोलावंच लागत नाही, नुसता आकडा खोडला की त्याचं काम झालं. म्हणून रंग काढण्याआधी तासभर संदर्भ विभागात बसा. वार्षिक अहवाल, अंदाजपत्रकं, वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली चाळा. ग्रंथपालांना "या विषयावर काही आहे का?" असं मोघम विचारू नका. "गेल्या पाच वर्षांतली फी कुठे सापडेल?" असं विचारलंत तर ते थेट त्या फाइलपाशी नेतील. मिळालेल्या आकड्याचा स्रोत आणि वर्ष पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहाच.

एवढं वाचल्यावर सगळंच सांगावंसं वाटतं आणि पोस्टरचा निबंध होतो. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत विद्यार्थ्यांनी 'आतेलिए पोप्युलेर' ही कार्यशाळा चालवली. शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली छपाई, संथ पडतो म्हणून ते स्क्रीन प्रिंटिंगकडे, म्हणजे जाळीतून शाई ढकलून छापण्याकडे वळले. त्यांची बरीच पोस्टर्स एकरंगी, एक ठसठशीत चित्र आणि मोजके शब्द अशी आहेत. उरलेली माहिती पत्रकात द्या.

अक्षरं लांबून दिसत नाहीत? तीन मीटरवरून वाचायचं तर ती निदान अडीच सेंटिमीटर उंच हवीत. पांढऱ्यावर पिवळं नकोच. छापल्यावर चित्र फुटतं? ए-३ आकाराला साधारण ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात, चॅटवरून आलेला फोटो तेवढा नसतो. मूळ फाइल मागवा. दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं तुटत असतील तर पीडीएफ करून न्या.

लावण्याआधी परवानगी घ्या. ग्रंथालयाने जागा दिली म्हणजे पाठिंबा दिला असं होत नाही. उद्या तुमच्या विरोधकांनाही तीच जागा त्याच नियमाने मिळायला हवी. त्यामुळे पोस्टरवर ग्रंथालयाचं बोधचिन्ह टाकू नका. ओले रंग पुस्तकांपासून लांब ठेवा.

आणखी एक चूक मला फार टोचते: मोर्चा संपला की सगळी पोस्टर्स कचऱ्यात जातात. मे १९७० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धाविरोधातली पोस्टर्स वापरलेल्या संगणकी कागदाच्या पाठीवर छापली होती. त्यातली जपली गेलेली आज संग्रहांमध्ये पाहायला मिळतात. तुम्हीही प्रत्येक पोस्टरची एक न चिकटवलेली प्रत ग्रंथालयाला देऊ करा. तिला सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. "उद्या चार वाजता" एवढ्यावरून पुढे कोणाला काही कळणार नाही, म्हणून मागे पेन्सिलने तारीख, वर्ष आणि ठिकाण लिहा. करणाऱ्यांची नावं मात्र त्यांना विचारूनच.