पाण्याच्या कूल जगपासून मॅश टन: भोकापासून गोड रसापर्यंत

लग्नात, क्रिकेटच्या मैदानावर, बांधकामाच्या साइटवर जो वीस लिटरचा इन्सुलेटेड पाण्याचा जग दिसतो, तो मॅश टन म्हणून, म्हणजे बिअर बनवताना पहिल्या टप्प्यात लागणारं भांडं म्हणून, उत्तम चालतो. मॅश टनचं काम एवढंच: भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि गरम पाणी तासभर एकाच तापमानाला धरून ठेवायचं, मग चोथा आत ठेवून गोड रस खाली काढायचा. गॅसवरच्या पातेल्यात तापमान सतत वरखाली होतं. जगच्या दोन भिंतींमधला फोम ते काम फुकट करतो.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 नुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे आणि त्यासाठी साधनसामग्री बाळगणंही त्यातच येतं. माल्टच्या रसात अल्कोहोल नसतं, ते यीस्ट घातल्यावर तयार होतं. म्हणून ही कृती रसापाशी थांबते. तो आटवून काकवीसारखा माल्टचा पाक करता येतो, तो दुधात, पावात, केकमध्ये वापरता येतो. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना पुढचं ठाऊक असतंच.

जग घेताना रुंद तोंडाचा घ्या, हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे. आतलं अस्तर फूड ग्रेड प्लॅस्टिकचं आणि बिनजोड हवं. हे जग थंड पाण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे उकळतं पाणी थेट ओतलं तर अस्तराला फुगवटा येतो. 80 अंशांच्या वर कधीच जाऊ नका. नवा जग आणल्यावर 70 अंशांचं बारा लिटर पाणी भरून झाकण लावा आणि तासाने मोजा. एक-दोन अंश उतरलं तर जग चांगला. तीनपेक्षा जास्त उतरलं तर बहुतेक वेळा दोष झाकणाचा असतो, कारण ते आतून पोकळ असतं. वर दुहेरी गोधडी टाका, फरक लगेच दिसतो.

आता नळ. हा सगळ्यात नाजूक भाग, कारण बिघाड इथेच होतो आणि तो उशिरा कळतो. मूळचा दाबायचा नळ काढून टाका. त्याजागी अर्धा इंची टँक निपल बसवायचं, म्हणजे गच्चीवरच्या टाकीला लावतात तेच. स्टेनलेस स्टील 304 चं मिळालं तर पितळेचं घेऊ नका, पितळेत थोडं शिसं असू शकतं आणि माल्टचा रस आंबटसर असतो. साध्या प्लंबिंगच्या दुकानात स्टीलचं नसेल तर ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईतल्या रबाळे, महापे भागात स्टीलचं काम करणाऱ्यांकडे विचारा. निपलची लांबी ठरवताना जगच्या भिंतीची जाडी मोजा आणि त्यात 50 मिमी मिळवा. भिंत 25 मिमी असेल तर तीन इंची निपल पुरतं.

अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास 21 मिमी असतो, म्हणून भोक 22 मिमी हवं. मूळ भोक लहान असेल तर गोल कानशीने हळूहळू वाढवा. ड्रिल जोरात फिरवलं तर प्लॅस्टिक वितळून कड वाकडी होते आणि वायसर तिथे कधीच नीट बसत नाही. कड गुळगुळीत झाली का ते बोट फिरवून पाहा.

आतल्या बाजूने क्रम असा: बॅकनट (निपल भिंतीला आवळून धरणारा नट), स्टीलचा सपाट वायसर, मग सिलिकॉनचा वायसर, आणि तो थेट अस्तराला टेकलेला. बाहेरच्या बाजूला फक्त स्टीलचा वायसर आणि बॅकनट. सिलिकॉनचा वायसर आतच का? गळती आतल्या भिंतीलाच अडली पाहिजे. ती तिथे अडली नाही तर रस दोन भिंतींच्या मधल्या फोममध्ये मुरतो, तिथून बाहेर पडत नाही, आंबतो, आणि पंधरा दिवसांनी जगला जो वास येतो तो कशानेही जात नाही. बाहेर सिलंट फासलं की ही गळती झाकली जाते. बाहेरची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे थेंब दिसतो. काळं रबर वापरू नका, गरम पाण्यात त्याचा वास रसाला लागतो. बॅकनट हाताने घट्ट करा, मग पान्याने फक्त पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं की फोम दबतो आणि अस्तराला केसासारखी चीर जाते. मग बाहेरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह लावा. जग गरम पाण्याने भरून जुन्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा हवा.

आत गाळणी लागते. गिझरच्या कनेक्शन पाइपवरची स्टीलची जाळी सोलून बरेच जण वापरतात. स्वस्त पाइपांवर ॲल्युमिनियम किंवा नायलॉनची जाळी असते, म्हणून दोन-तीन तारा पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत न्या: स्टील लाल होतं, बाकीचं वितळतं. पण ढवळताना पळी लागून ही जाळी चेपते. त्यापेक्षा सीपीव्हीसीचा चौकोन चांगला. हा गरम पाण्याचा फिकट पिवळसर पाइप 93 अंशांपर्यंत चालतो. पांढरा यूपीव्हीसी घेऊ नका, तो साठ अंशांच्या वर मऊ पडतो. अर्धा इंची एक मीटर पाइप, चार एल्बो आणि एक टी (तीन तोंडांचा जोड) आणा. जगच्या तळाच्या आत मोकळा बसेल असा, साधारण 15 सेंटिमीटर बाजूचा चौकोन करा. पाइपांना हॅक्सॉ ब्लेडने दर 10 मिमीवर एक-तृतीयांश खोलीची चीर द्या आणि चिरा खाली तोंड करून ठेवा. सॉल्व्हंट लावू नका, नुसते दाबून बसवा, म्हणजे धुताना सुटे करता येतात.

नळाचं भोक तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर असतं, तेवढा रस खाली अडकायला नको. म्हणून निपलच्या आतल्या टोकाला होज निपल (नळी चढवायचं तोंड) लावा आणि तिथून 12 मिमी आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी टीपर्यंत आणा. गरम पाण्यात बुडवली की नळी पाइपवर चढते. दोन्ही टोकांना स्टीलची जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) लावा. जोड हवाबंद असेल तर सायफनने रस तळापर्यंत ओढला जातो. शेवटचा लिटर-दीड लिटर आत राहत असेल तर क्लिप ढिली आहे असं समजा.

माल्ट चार किलो, बार्लीचं पेल (फिकट रंगाचं) माल्ट. हे भरडायचं असतं, दळायचं नाही. गिरणीवाल्याला लापशी रव्याहूनही जाड भरडा हवा असं सांगा आणि पहिली मूठ हातावर घेऊन पाहा: प्रत्येक दाणा तीन-चार तुकड्यांत फुटलेला, पण साल जवळपास अख्खी. हीच साल पुढे गाळणीचं काम करते. पीठ झालं तर चिखल होऊन रस थेंबभरही उतरत नाही. एक युक्ती: भरडण्याआधी चार किलोवर 80 मिली पाणी शिंपडून हाताने चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. साल चिवट होते, फाटत नाही. तरीही बारीक आलं तर भाताचं धुतलेलं तूस 200 ग्रॅम मिसळा. कर्जत-मुरबाडकडच्या भाताच्या गिरणीत ते सहज मिळतं. नाचणीला मोड आणून सत्व करतात तेव्हाही दाण्यातली हीच, स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स कामाला लागतात. पण नाचणीला अशी साल नसते, म्हणून नुसत्या नाचणीवर हा जग चालत नाही.

पाणी: मोरबे धरणाचं नवी मुंबईतलं पाणी किंवा ठाण्याचं नळाचं पाणी चालतं. फक्त क्लोरीन उडायला रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा. घोडबंदर रोडला टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी येत असेल तर त्यात निम्मं आरओचं मिसळा, नाहीतर रस तुरट होतो.

जगमध्ये आधी थोडं गरम पाणी फिरवून ओतून टाका. मग बारा लिटर पाणी घाला, म्हणजे किलोला तीन लिटर. आपल्याकडे माल्ट साधारण 30 अंशांचं असतं, त्यामुळे 72 अंशांच्या पाण्यात ते घातलं की मिश्रण 67 वर येतं. पिठल्यात पीठ वैरतात तसं माल्ट एका हाताने वैरत जा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. गुठळीच्या आतला स्टार्च कोरडाच राहतो. तापमान तीन ठिकाणी मोजा. 69 च्या वर असेल तर कपभर थंड पाणी घाला, 65 च्या खाली असेल तर 80 अंशांचं लिटरभर. कमी तापमानाला जास्त साखर सुटते, वरच्या तापमानाला रस दाट आणि कमी गोड होतो. झाकण, गोधडी, एक तास.

तासाने बशीत चमचाभर रस घ्या, आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च उरला आहे, अजून वीस मिनिटं. तपकिरीच राहिला तर झालं. बशीतलं फेकून द्या.

व्हॉल्व्ह चिमूटभर उघडा, पूर्ण नाही. एकदम उघडला तर चोथा खाली दाबला जातो आणि बसतो. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते पळीवरून हळूच वर परत ओता. स्वच्छ धार लागली की पातेल्यात घ्या. आठ लिटरच्या आसपास मिळेल, बाकीचे चार लिटर माल्ट पिऊन टाकतं. मग 76 अंशांचं आठ-नऊ लिटर पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा काढा. धार थांबली तर व्हॉल्व्ह बंद करा, दोन लिटर गरम पाणी आणि मूठभर तूस घालून तळापर्यंत ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा थोडा उघडा.

आपल्या दमट हवेत रस एका दिवसात आंबतो, म्हणून लगेच उकळायला ठेवा. पहिला फेस भसकन वर येतो, पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका, लागलं तर दोन पातेली घ्या. साधारण अडीच किलो पाक होतो. शेवटचा अर्धा तास आच मंद ठेवा, तळाला लागला की कडू होतो. चोथा त्याच दिवशी कंपोस्टमध्ये किंवा गोठ्यात द्या.

धुताना चौकोन सुटा करा, चिरांतून जुना टूथब्रश फिरवा, व्हॉल्व्ह निम्मा उघडून त्यातून गरम पाणी जाऊ द्या, कारण गोळ्याच्या मागे रस साचतो. पावसाळ्यात जग पुसून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून, झाकण न लावता पालथा ठेवा.