साठवलेला आकडा आणि खऱ्या नोंदी जुळत नसतील तर

प्रकल्पाच्या पानावर 42 कामं दिसतात (हा आकडा दर वेळी न मोजता प्रकल्पाच्या ओळीत साठवलेला असतो) आणि यादी उघडली की 39च भरतात. नवखा माणूस अशा वेळी लगेच आकडा दुरुस्त करतो. तसं करू नका. तो फरक हाच पुरावा असतो. आधी त्याची नक्कल वेगळ्या टेबलात काढून ठेवा.

मग दोन्हीकडे मोजण्याची व्याख्या एकच आहे ना, ते पाहा. डिलीटेड-ॲट (पुसल्याची वेळ ठेवणारा कॉलम) भरून नुसत्या लपवलेल्या नोंदी एकीकडे धरल्या आणि दुसरीकडे वगळल्या, तर बिघाड नसतानाही फरक येतो. पडताळणीसाठी प्रकल्पांना कामं लेफ्ट जॉइनने (काम नसलं तरी प्रकल्पाची ओळ राखणाऱ्या जोडणीने) जोडा. काऊंट-स्टार (सगळ्या ओळी मोजणारं फंक्शन) वापरलात तर एकही काम नसलेल्या प्रकल्पापुढे 0 ऐवजी 1 येईल, म्हणून कामाच्या आयडीवर काऊंट करा. लपवलेल्या नोंदी वगळण्याची अट व्हेअरमध्ये न घालता जॉइनच्या ऑनमध्ये घाला, नाहीतर सगळीच कामं लपवलेले प्रकल्प निकालातून गळतील. मायएसक्यूएलच्या इन्फर्मेशन स्कीमातल्या टेबल-रोजवर (तिथे दिलेल्या ओळींच्या संख्येवर) मात्र विसंबू नका. इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात) तो केवळ अंदाज असतो.

आता फरक कोणत्या बाजूला झुकलाय ते बघा. आमच्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. साठवलेला आकडा जास्त असेल, तर नोंदी कुठल्यातरी आडवाटेने पुसल्या जाताहेत: रेल्समध्ये (रूबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) डिस्ट्रॉयऐवजी डिलीट वापरलं की कॉलबॅक, म्हणजे पुसताना आपोआप चालणारा कोड, चालत नाहीत, मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडने (मूळ नोंद पुसताच तिला जोडलेल्या नोंदीही पुसल्या जाऊन) नोंदी गेल्या की ट्रिगर, म्हणजे डेटाबेसमधला आपोआप चालणारा कोड, चालत नाहीत. आकडा कमी असेल, तर एकगठ्ठा इन्सर्ट तपासा. तिथेही दोष नसेल, तर कोडमध्ये 'वाचा, एक मिळवा, लिहा' असं कुठे आहे का ते शोधा. दोन विनंत्या एकदमच 10 वाचतात, दोघी 11 लिहितात, आणि एक वाढ हरवते. वाढवण्याचं काम डेटाबेसकडेच द्या: अपडेटमध्ये 'संख्या = संख्या + 1'. कॉलमला नॉट नल (रिकामा न ठेवण्याची अट) आणि डिफॉल्ट 0 हवंच, कारण नलमध्ये एक मिळवला तरी नलच उरतो.

चूक घडवणारी वाट बुजवल्यावरच आकड्याची दुरुस्ती. ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळी वाक्यं मिळून एकच काम धरणाऱ्या गटात) पहिलं वाक्य प्रकल्पाची ओळ फॉर अपडेटने लॉक करणारं असावं, मोजणी दुसऱ्या वाक्यात, मग अपडेट. मोजून झाल्यावर लॉक केलं, तर मधल्या वेळात आलेलं काम पुन्हा सुटतं. एका ट्रान्झॅक्शनमध्ये एकच प्रकल्प घ्या, म्हणजे बाकीचं लिखाण अडून राहत नाही.