फुटपाथ मोजायचा कसा?

पुणे महापालिकेचं पादचारी धोरण 2016 चं. ते आपल्या गल्लीत उतरवायचं तर मोजणी हवी. चार-पाच जणांनी एकच रस्ता घ्या, 500 मीटर पुरे. मोजणी संध्याकाळी सहानंतर करा. सकाळी गाड्या लागलेल्या नसतात, फुटपाथ उगाच मोकळा दिसतो. रुंदी भिंतीपासून कडेपर्यंत धरू नका, हीच नेहमीची चूक. झाड, खांब, विजेची डीपी पेटी वगळून उरते ती खरी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार किमान 1.8 मीटर. उंची 150 मिलिमीटरच्या वर गेली की आजी-आजोबा खाली रस्त्यावरूनच चालतात. प्रत्येक अडथळ्याचा फोटो टेप धरूनच काढा. क्षेत्रीय कार्यालयात ‘फुटपाथ खराब आहे’ असा मोघम अर्ज चालत नाही. तीनच कामं मागा, पोच घ्या. दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब मागाल, तेव्हा व्हीलचेअरसाठी एक फट 90 सेंटिमीटरांची ठेवायला सांगा.